गिरगावच्या नव्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या आर्किटेक्टना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या सभेत तुमच्यासारख्याच एका तरुण आर्किटेक्टने नव्या इमारतीचा नकाशा दाखवला. चौकात पडदा लावला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मी मंडळी जिन्याच्या पायऱ्यांवर आणि वरच्या गॅलऱ्यांच्या कठड्यांना टेकून उभी होती. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा किती, मोरीचं काय, संडास घरातच ना, लिफ्ट किती, गाडीला जागा मिळणार का, असे प्रश्न तासभर चालले. मग तळमजल्यावरच्या एका आजींनी हात वर करून विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण दारात बसायचं कुठे?"

त्या मुलाला प्रश्न कळला नाही. त्याने नकाशात बोट ठेवून हॉलमधली सोफ्याची जागा दाखवली. आजी म्हणाल्या, "घरात नाही रे बाळा, दारात." त्यावर तो काहीच बोलला नाही, आणि आमच्यापैकीही कुणाला पटकन समजावून सांगता आलं नाही. सभा पुढे पार्किंगवर गेली.

मला त्या मुलाचा मुळीच राग आला नाही. तो सज्जन होता, नीट ऐकत होता. दार म्हणजे आमच्याकडे काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्याच्या एकट्यासाठी नाही. ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत सध्या जे कुणी आमच्या वाड्यांचे नकाशे नव्याने काढताहेत, त्या सगळ्यांसाठी.

मी मुगभाटात जन्मले. लग्न झालं तेही याच चाळीत. पहिल्या मजल्यावरच्या माहेराहून तिसऱ्या मजल्यावरच्या सासरी आले. एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर तीस वर्षं काढली, त्यामुळे एफएसआय (जमिनीवर किती बांधता येतं ते प्रमाण), त्यासाठी भरायचा प्रीमियम, सेलची म्हणजे बिल्डरने विकायची इमारत, रिहॅबची म्हणजे आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत, ही गणितं मला अगदीच परकी नाहीत. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. आम्हाला चाळ जशीच्या तशी जपून ठेवायची नाही. आम्हाला नवं घर हवं आहे. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर रात्री दोन वाजता त्यांना धरून गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत नेणं काय असतं, ते मी सात वर्षं अनुभवलं आहे. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओल हाताला येते. दोन मजल्यांना टेकू लावलेले आहेत. चाळीचे फोटो काढून हळहळणारे पुष्कळ येतात, त्यांच्यापैकी कुणाला तिथे राहायचं नसतं. त्यामुळे जुनं ते सोनं असा माझा सूर समजू नका.

पण पाडायच्या आधी, पाडतो आहोत ते काय आहे, ते तरी नीट बघून घ्या.

गिरगाव हे आधी खरंच गाव होतं. मलबार हिलच्या पायथ्याचं, गिरीच्या कुशीतलं, म्हणून गिरगाव, असं जुने लोक सांगत. आमच्या गल्ल्यांची नावं वाचलीत तर त्या गावचा सातबारा वाचल्यासारखं होईल. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, पिंपळवाडी, कांदेवाडी. मुगभाट आणि बोरभाट यांतलं भाट म्हणजे कोकणात ज्याला आपण बागायत म्हणतो ते. चिराबाजारात दगडाचे चिरे विकले जात. चर्नी रोडच्या आसपास गुरं चरत, असं म्हणतात. वाडी म्हणजे मुळात झाडांची जागा, एकाच्या मालकीची, कुंपणातली. शहर वाढलं तसं झाडांच्या जागी घरं आली, मग चाळी आल्या, पण वाडीचा आकार तोच राहिला. रस्त्यावरून आत शिरायला एक अरुंद तोंड, आत थोडी मोकळी जागा, आणि तिच्याभोवती घरं. हा आकार कुणा एका आर्किटेक्टने काढलेला नाही. तो बागेच्या कुंपणाने ठरवलेला आहे. चाळी बांधणाऱ्यांनी त्यात फक्त गॅलऱ्या बसवल्या.

या आकारात कोकणातून आलेली माणसं मावली. कारकून, शिक्षक, छापखान्यातले खिळे जुळवणारे, सोनार, भिक्षुक, गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम. एका खोलीत सात-आठ जण, त्यात गावाहून शिकायला आलेला एखादा पुतण्या किंवा भाचा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूने एकरकमी पैसे देऊन खोलीचा हक्क घ्यायचा, हा पागडीचा व्यवहार रुजला, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं, आणि १९६९ मध्ये कायदा होऊन आमच्यासारख्या इमारती सेसच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कर भरणाऱ्या झाल्या. मी त्याच वर्षी जन्मले. म्हणजे माझं सगळं आयुष्य 'दुरुस्ती होणार आहे' या वाक्याखाली गेलं. आता विकास नियमावलीतल्या ३३(७) या कलमाखाली अशा इमारतींचा पुनर्विकास होतो, त्यात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं. आमची खोली १६५ चौरस फुटांची आहे. जवळजवळ दुप्पट जागा मिळणार, हे काही लहानसहान नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून समाधानी आहे.

मात्र त्या सभेनंतर मी मोजपट्टी काढली आणि आमच्या मजल्यावरची गॅलरी मोजली. लांबी ९४ फूट, रुंदी सव्वाचार फूट. म्हणजे साधारण ४०० चौरस फूट. मजल्यावर ९ खोल्या. दर खोलीमागे ४४ चौरस फूट. ही जागा आमच्या हिश्शाच्या हिशेबात शून्य धरली जाते, कारण ती भिंतीच्या बाहेर आहे. आणि आमचं अर्धं आयुष्य तर भिंतीच्या बाहेरच गेलं.

सव्वाचार फूट म्हणजे काय ते सांगते. दारात पाट टाकून एक बाई तांदूळ निवडत बसली आहे, तिच्या गुडघ्यांना धक्का न लावता दुसरा माणूस पाण्याची बादली घेऊन जाऊ शकतो. तीन फूट असती तर तिला उठावं लागलं असतं. सहा फूट असती तर जाणाऱ्याला तिच्याकडे बघावंच लागलं नसतं. सव्वाचार फुटांत तो अंग चोरून जातो, आणि जाता जाता "काय, आज खिचडी का?" एवढं विचारून जातो. ही रुंदी कुणी विचार करून ठरवली की लाकडाच्या लांबीवरून आपसूक ठरली, ते महत्त्वाचं नाही. तिने आम्हाला वळण लावलं.

त्या गॅलरीत आम्ही काय केलं नाही? पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा पिंपांची रांग तिथेच. उन्हाळ्यात जुन्या साडीवर पापड, कुरडया आणि सांडगे तिथेच, आणि राखण करायला ज्याची परीक्षा संपली आहे ते पोर. रात्री घरात उकडलं की पुरुषमाणसं चटया घेऊन तिथेच झोपायची. मी दहावीचा अभ्यास कठड्याला पाठ टेकवून गॅलरीच्या दिव्याखाली केला, कारण घरात बाबांची रात्रपाळी झालेली असायची. अंधार पडल्यावर कुठल्या खोलीचा दिवा लागला नाही, हे समोरच्या गॅलरीतून दिसायचं, आणि कुणीतरी जाऊन कडी वाजवायचं.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जिना इतका अरुंद, की चौघांनी त्यांना हातांवर खाली नेलं. तिरडी चौकात बांधली. मी वर पाहिलं तर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या, आणि एक आवाज नाही. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही, पिठलं-भात दोन दारं सोडून पलीकडून आला. दोन वर्षांनी त्याच चौकात माझी हळद झाली, आणि तेव्हाही लोक त्याच गॅलऱ्यांत उभे होते. मला तुम्हाला एवढंच विचारायचं आहे, की तुमच्या नकाशात ही माणसं कुठे उभी राहतील?

माझी एक मावसबहीण तीन वर्षांपूर्वी पुनर्विकासातल्या बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली. घर छान आहे. खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते. पण मजल्यावरचा पॅसेज दोन्ही बाजूंच्या दारांच्या मधोमध, भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. तिथे कुणी थांबत नाही, कारण थांबण्यासारखं काही नाहीच. शेजारच्या दारावरची पाटी बदलली, हे तिला पंधरा दिवसांनी कळलं. गेल्या वर्षी तिने पापड केले नाहीत. लाटायला बायका आल्या असत्या, पण वाळत घालायचे कुठे? ती तक्रार करत नाही, तिला मोरी हवी होती, ती मिळाली. फक्त दर रविवारी ती आमच्या गॅलरीत येऊन बसते.

तुम्ही म्हणाल, हा चाळकऱ्यांचा जिव्हाळा झाला, त्याचा शहराशी काय संबंध? संबंध आहे. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला तो केशवजी नाईक चाळींत. तिथे एकदा पायी जाऊन या. समोरासमोर चाळी, मध्ये लांबट मोकळी जागा. गणपती घरातून बाहेर यायला बाहेर काहीतरी असावं लागतं, ते तिथे होतं. आजही तिथली मूर्ती लहान असते आणि पालखीतून येते. पुढे सगळ्या महाराष्ट्राचा झालेला उत्सव मुंबईत या एवढ्याशा जागेत सुरू झाला. त्या जागेचं माप तुमच्यापैकी कुणी घेतलं आहे का?

प्रार्थना समाज १८६७ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या नावाने आमचा एक चौक आणि बसथांबा आजही ओळखला जातो. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये. १४ मार्च १९३१ ला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला तो मॅजेस्टिक टॉकीजमध्ये, तोही गिरगावातच. ऑपेरा हाऊसजवळच्या देवधर मास्तरांच्या गाण्याच्या वर्गात कुमार गंधर्व शिकले. मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. एवढ्या छोट्याशा पट्ट्यात एवढं सगळं का घडलं असेल, याचा मी खूप विचार करते. मला वाटतं, घरं लहान होती म्हणून माणसं बाहेर होती, आणि बाहेर असलेल्या माणसांना उद्योग लागतात. संध्याकाळी खोलीत बसायला जागा नसलेला माणूस व्याख्यानाला जातो, तालमीला जातो, वाचनालयात जातो, गाणं ऐकायला जातो. ही काही संशोधनाची गोष्ट नाही, पण माझे काका, मामा आणि बाबा तिघेही याच कारणाने नाटकवेडे झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोरोनेशन आज नाही. मॅजेस्टिकही नाही, तिच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. पण त्या सेंटरला नाव मॅजेस्टिकचंच ठेवलं, आणि म्हणून अजून कुणीतरी आपल्या नातवाला सांगतं, की इथे बोलपट सुरू झाला. नावाची ताकद एवढी असते. हे मुद्दाम सांगते, कारण नव्या टॉवरांना आता इंग्रजी किंवा इटालियन वाटतील अशी नावं दिली जाताहेत. नाव ठरवणं तुमच्या हातात नसेल, ते मला माहीत आहे. तरी नकाशाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात वाडीचं नाव लिहिणं तर तुमच्याच हातात आहे ना? तिथे लिहिलेलं असेल तर पुढच्या प्रत्येक कागदावर ते उतरेल.

खोताच्या वाडीचा दाखला आमच्या सभेत कुणीतरी दिलाच. तिथली ईस्ट इंडियन मंडळींची लाकडी घरं, बाहेरचे जिने, ओटे पाहायला लोक लांबून येतात, आणि त्यातलीही कितीतरी घरं गेली. ती राहिलेली घरं राहावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण ती मालकांची स्वतंत्र घरं आहेत. आमचा प्रश्न वेगळा. आमच्या लाकडात जपण्यासारखं फारसं उरलेलं नाही. वाळवीने खांब आतून पोकळ केले आहेत. जपायची आहे ती लाकडांच्या मधली रिकामी जागा, आणि ती नव्या सिमेंटमध्येही बांधता येते. म्हणून तर हे पत्र वारसा समितीला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्या आधीच्यांनी असा विचार केला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्यांनी समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, त्यातलाच. त्यासाठी घरंही पाडली गेली, माणसं हलवली गेली, त्या लोकांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण रस्ता आखताना त्यांच्या डोक्यात वारा होता. आता आमच्या जगन्नाथ शंकरशेट रोडच्या पोटातून ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो धावते. गिरगाव स्थानकातून वर आलं, की जमिनीचा भाव काय झाला असेल ते कुणालाही कळेल. त्या भावाचं दडपण तुमच्या पेन्सिलीवर आहे, हे मी समजून आहे.

तरी मागते. पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दारं लावण्याऐवजी निदान रिहॅबच्या इमारतीत एका बाजूला घरं आणि दुसरी बाजू उघडी ठेवता येते का, ते करून पाहा. सगळ्या मजल्यांवर जमत नसेल तर तीन-चार मजल्यांमागे एक ओसरी द्या, उन्हाची, लिफ्टमधून उतरल्या उतरल्या दिसेल अशी. गच्चीच्या कोपऱ्यात किंवा पार्किंगच्या मागे ढकललेली नको, तिथे म्हाताऱ्या माणसांचं जाणं होत नाही. दाराबाहेर भिंत हातभर आत घ्या, म्हणजे एक पाट मावेल. चौक जमिनीवरच ठेवा. सातव्या मजल्यावरच्या पोडियमला, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या गच्चीला, चौक म्हणत नाहीत, कारण तिथे फेरीवाला येत नाही, वासुदेव येत नाही, रस्त्यावरून जाणारा ओळखीचा माणूस डोकावत नाही. गाड्यांना तळघर द्या किंवा वर चढवा, माणसांना खाली राहू द्या. आणि रिहॅबच्या लोकांना मागच्या दाराने आत घेऊ नका. आम्ही ज्या तोंडाने वाडीत शंभर वर्षं शिरलो, ते तोंड आमचंही असू द्या.

बिल्डर नाही म्हणेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणू दे. पण त्याला नाही म्हणता यावं, यासाठी आधी ते कागदावर असावं लागेल. आजवर आमच्या सभांमध्ये जेवढे नकाशे आले, त्यांतल्या एकातही ही गोष्ट कुणी काढूनच आणली नाही, म्हणून आम्हीही ती मागितली नाही. आम्हाला चौरस फुटांतच मागायची सवय लागली. समोर दोन नकाशे ठेवलेत आणि दहा चौरस फूट कमी घेऊन दारासमोर ऊन मिळेल असं सांगितलंत, तर किती जण दुसरा नकाशा निवडतील ते बघा तरी. मी निवडेन. त्या आजी निवडतील. तरुण मुलं कदाचित निवडणार नाहीत, त्यांचंही ऐकून घ्या.

आणखी एक काम आहे. त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही. पाडायच्या आधी चाळीचं माप काढून ठेवा. जिन्याची पायरी किती उंच, कठड्याच्या गजांत अंतर किती, चौकात कुठल्या वेळी कुठपर्यंत ऊन येतं, समोरच्या गॅलरीतून कुठपर्यंत हाक ऐकू येते. रिकामी करून घेतलेली चाळ मोजलीत तर यातलं अर्धं कळणार नाही. माणसं राहत असतानाच यावं लागेल.

येत्या कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला या, तेव्हा नळाला पाणी आलेलं असतं आणि सगळी दारं उघडी असतात. मोजपट्टी आणा. तिचं दुसरं टोक मी धरीन, आणि दारात पाट टाकलेला असेल, आधी चहा घेऊ.

आपली,
मुगभाटातली एक चाळकरीण